काम कोणाच्या नावावर

ठरलेले काम ठरलेल्या वेळी करायचे आणि त्याबद्दल जमीन, मान आणि हक्क पिढ्यान्‌पिढ्या उपभोगायचे, या व्यवस्थेला मराठी मुलखात वतन म्हणत. परगण्याला देशमुख-देशपांडे, गावाला पाटील-कुलकर्णी आणि त्यांच्याखाली चाकरीची वतने सांभाळणारे महार, रामोशी आदी लोक, अशी ती उतरंड होती. कोल्हापूर संस्थानातही ती तशीच चालत आली. काम कोणते, ते कधी करायचे आणि ते कोणाच्या नावावर आहे, एवढे ठरले की वतन उभे राहिले. पहिल्या दोन बाबींवर तंटा क्वचित होई. तिसरीवरून मात्र घरे फुटत, भाऊबंदकी पेटे, सनदा आणि महजर पोटाशी धरून माणसे दरबाराच्या पायऱ्या झिजवत. कामाची मालकी तपासण्याचा कोल्हापुरातला इतिहास बहुतांशी या तिसऱ्या बाबीचा आहे. आज जिल्ह्यातल्या एखाद्या बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची मालकी तपासली जाते, तेव्हाही विचारायचे असते ते हेच.

कुलकर्ण्याचे वर्ष पाहिले म्हणजे ‘ठरलेले काम’ म्हणजे काय ते कळते. पाऊस सरला की पीकपाहणी, हंगाम निघाला की हप्त्याची वसुली, वसुलीबरोबर पावत्या, वर्षअखेरीला ताळेबंद आणि मग मामलेदारापुढे जमाबंदी. कोणाकडे किती जमीन, कोणाची बाकी किती, पड जमीन कोणती, कोणत्या इनामाला कसली सूट, हे सारे मोडीत, बोरूने लिहिलेले आणि खारव्याच्या रुमालात बांधलेले असे. दप्तर गावचे खरे, पण ते राही कुलकर्ण्याच्या घरी. रयतेला अक्षरओळख नाही, पाटलाला असली तर जेमतेम, आणि मामलेदाराची गाठ वर्षातून एकदोनदा. त्यामुळे गावचा हिशेब म्हणजे त्या एका घराची आठवण असा प्रकार होऊन बसे. घरात कर्ता पुरुष असला, सावध असला, तर सारे सुरळीत चाले. तो अज्ञान असला, आजारी पडला किंवा परगावी राहायला गेला, की गावाचे काम अडे. मालकी मात्र कुठेच हलत नसे.

अशा वेळी गुमास्ता येई. वतन एकाच्या नावावर, लेखणी दुसऱ्याच्या हातात. त्यात तक्षिमांची भर. थोरल्या घराचा एक वाटा, धाकट्या घराचा दुसरा, आणि चाकरीची पाळी आळीपाळीने. कागदावर पाळी धाकट्या घराची, पण काम करतो थोरल्या घराचा गुमास्ता, अशी सरमिसळ व्हायला वेळ लागत नसे. इंग्रजी अमलाखालच्या मुंबई इलाख्यात १८७४ चा वतन कायदा झाला तो मुख्यतः ही सरमिसळ निस्तरण्यासाठी. वतनाचे हिस्सेदार कोण, त्यांतला प्रत्यक्ष चाकरी करणारा कोण, त्याच्याऐवजी बदली माणूस कधी चालेल, हे ठरवून नावांची नोंदवही ठेवण्याचे काम त्या कायद्याने कलेक्टरकडे दिले. कोल्हापूर हे संस्थान, त्यामुळे तो कायदा इथे जसाच्या तसा लागू नव्हता. पण हक्काचा मालक आणि काम करणारा हात या दोन वेगळ्या नोंदी आहेत, ही त्यातली जाण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे संगणकाच्या जगाला ती नव्याने शिकावी लागली.

मालकीच्या या गाठीचा धोका कोल्हापूरच्या राज्यकर्त्यांना फार आधी दिसला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या गादीच्या पहिल्या काळात लिहिले गेले. त्यात वतनदारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. वतनदार म्हणजे राज्यातले लहान लहान वाटेकरीच. त्यांना डोक्यावर बसवू नये आणि उखडूनही टाकू नये, असा त्याचा एकंदर सूर. गडांच्या बाबतीत मात्र अमात्य असा मध्यम मार्ग धरत नाहीत. हवालदार, सबनीस, कारखानीस ही माणसे ठरावीक वर्षांनी बदलत राहावीत असे ते बजावतात. गाव वतनावर सोडता येतो, किल्ला सोडता येत नाही. ज्या कामावर राज्य टिकायचे ते काम कोणा एकाच्या घरचे होऊ द्यायचे नाही, एवढी ती साधी नीती आहे.

तरीही गडांवरची शिबंदी वंशपरंपरागत होतीच. गडकरी म्हणून ओळखले जाणारे हे लोक गडाच्या चाकरीबद्दल घेऱ्यातल्या जमिनी खात. १८४० च्या दशकात छत्रपती अज्ञान असताना इंग्रजांच्या पाठिंब्याने दाजी कृष्ण पंडित कारभारी झाले. त्यांनी कारभाराची घडी नव्याने बसवायला घेतली आणि गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे दिली. कचेरीत बसून पाहिले तर ही फेररचनाच होती. गडकऱ्यांना त्यात आपली मालकी जाताना दिसली. १८४४ मध्ये सामानगडाने दरवाजे बंद केले, भुदरगड त्याला मिळाला, आणि बंड पन्हाळ्यापर्यंत पोचले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडून पन्हाळ्यावर कैदेत पडला. इंग्रजी फौजांनी बंड मोडले, गडांची तटबंदी पाडली आणि संस्थानचा कारभार पुढे बराच काळ पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली गेला. कामाची मालकी बदलायची तर आधी ते काम कोणाच्या पोटाशी बांधलेले आहे हे पाहावे लागते. दाजी पंडितांच्या कचेरीने ते पाहिले नाही, किंवा पाहूनही त्याची पर्वा केली नाही.

शेजारच्या दक्षिण मराठा मुलखात याच सुमाराला इनाम कमिशनचे काम सुरू झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला जोर आला. कमिशनची रीत सोपी आणि निष्ठुर होती. सनद दाखवा, नाहीतर इनाम खालसा. कित्येक घराण्यांच्या सनदा वाळवीने खाल्लेल्या, लढाईत जळालेल्या किंवा भावकीच्या भांडणात हरवलेल्या होत्या. यादी करणे, पुरावा मागणे, पुरावा न देणाऱ्याचे नाव खोडणे, हा तपासणीचा साचा कोल्हापूरच्या सीमेला लागून असा घडत होता.

गावकामाची मालकी माणसाकडून पदाकडे नेण्याचे निर्णायक पाऊल कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी उचलले. १८९४ मध्ये अधिकारसूत्रे हाती आल्यापासून गावकारभार आणि कुलकर्णी यांच्यातली गाठ त्यांना खुपत होती. कुलकर्णी हिशेबनीस होता, अनेक ठिकाणी सावकारही होता, आणि अक्षरशून्य रयतेला सरकारची भाषा सांगणारा एकमेव दुभाषा तोच. १९१८ मध्ये शाहूंनी कुलकर्णी वतने बंद करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनांच्या जमिनी रयतावा करून महारांना वेठीच्या चाकरीतून मोकळे केले आणि बलुतेदारीची सक्तीही उठवली. कुलकर्ण्यांनी मोठा गहजब केला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. या निर्णयाचे सामाजिक अंग इतके मोठे आहे की त्याचे कारभारी अंग बहुधा झाकले जाते. त्या अंगाने पाहिले तर बदल एका ओळीचा होता. दप्तराच्या मालकाच्या रकान्यात घराण्याचे नाव होते, तिथे पद आले. तलाठ्याची बदली होते, तो निवृत्त होतो, मरतो. सजा तीच राहते आणि दप्तर नव्या माणसाच्या ताब्यात यादीनिशी जाते. कुलकर्ण्याच्या मुलाला दप्तर वारशाने मिळे, तलाठ्याच्या मुलाला त्याचा रुमालसुद्धा मिळत नाही.

कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. इतर जिल्ह्यांत हेच काम पुढे कायद्यांनी झाले. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची १९५८ च्या, आणि पाटलाचा महसुली हुद्दा १९६२ च्या कायद्याने. शाहूंचा हुकूम या सगळ्यांच्या बत्तीस ते चव्वेचाळीस वर्षे आधीचा.

तलाठ्याच्या दप्तराने मालकीच्या तपासणीला शिस्तशीर रीत दिली. ती आजही गावोगावी चालते आणि तिच्याइतकी जुनी, नीट घोटलेली तपासणी दुसरीकडे सापडणे कठीण. खरेदीखत झाले की गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद धरली जाते. हितसंबंधी लोकांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. हरकत नसली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. मृत्यूनंतरच्या वारसांसाठी नमुना ६-क वेगळा. एवढे असूनही मयत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर राहतात, कारण जमीन त्यावाचून अडत नाही. नाव आजोबांचे, नांगर नातवाचा, ऊस कारखान्याला वेळेवर जातो. अडते ते कर्ज काढताना, वाटणी करताना, विकताना. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. गावोगावी चावडीवाचन करून मयत खातेदारांच्या याद्या काढायच्या, वारस नोंदवायचे आणि सातबारा जिवंत माणसांच्या नावावर आणायचा. संगणकावर बसणाऱ्या माणसाला ही मोहीम चटकन ओळखू यावी. सगळ्या नोंदी काढा, ज्यांचा मालक उरलेला नाही त्या वेगळ्या करा, त्यांना वैध मालक लावा.

सर्व्हरवरच्या कामांचे मात्र एक वेगळेपण आहे. तिथे मालक गेला की नांगरच थांबतो.

वेळ लावून आपोआप चालणाऱ्या कामांची संगणकातली सुरुवात मालकीच्या प्रश्नाशिवाय झाली. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन नावाचा कार्यक्रम होता. तो एकच फाईल वाचे आणि त्यातले प्रत्येक काम सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने चालवी. मालक एकच, तेव्हा तंटा कसला? पुढच्या आवृत्त्यांत प्रत्येक वापरकर्त्याला आपापली यादी मिळाली आणि हे काम कोणाचे, ते कोणाच्या हक्काने चालते, हा प्रश्न जन्माला आला. वाटणी झाली की भाऊबंदकी आलीच.

डेटाबेसच्या क्षेत्रात मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची वाटचाल पाहण्याजोगी आहे. १९९५ च्या ६.० आवृत्तीत ‘एसक्यूएल एक्झिक्युटिव्ह’ नावाची सेवा ठरल्या वेळी कामे चालवी. १९९८ च्या ७.० आवृत्तीत तिची ‘एसक्यूएल सर्व्हर एजंट’ झाली आणि कामांना ‘जॉब’ हे आजचे नाव मिळाले. जॉबला स्टेप असतात, म्हणजे काम काय. शेड्यूल असते, म्हणजे केव्हा. आणि ओनर असतो. वतनाच्या त्याच तीन बाबी. फरक असा की वतनाला मालक लावताना दरबारात सनद निघे, जॉबला मालक लावताना कोणी विचारतही नाही. जो माणूस लॉगिन करून जॉब बनवतो त्याचेच नाव आपसूक लागते. कुळकायद्याच्या काळात ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा होती; इथे बनवेल त्याचा जॉब.

कोल्हापूर जिल्ह्यात असे जॉब कुठे चालतात हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. नागरी सहकारी बँकांत दिवसअखेरीनंतर बॅकअप आणि व्याजाचे हिशेब. दूध संघांत दहा दिवसांच्या बिलांची आकडेमोड. साखर कारखान्यांत गाळप हंगामात वजनकाट्याच्या पावत्यांवरून निघणारी ऊसबिले. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे देणे बंधनकारक आहे, तेव्हा बिल काढणारा जॉब एक पंधरवडा बंद पडणे म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांत चर्चेला विषय. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. ते कोणाच्या नावावर नाहीत आणि कोणी निवृत्त झाल्याने ते बंद पडत नाहीत. सर्व्हरचे काम इतके सुखी नाही.

नेहमीचा प्रसंग असा. संगणक विभागाचा जुना प्रमुख महिन्याच्या शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त होतो. पंधरवड्याने कोणीतरी नियमाप्रमाणे त्याचे विंडोजचे खाते पुसून टाकते. त्या रात्री दोन वाजता एजंट बॅकअपचा जॉब उचलतो, मालकाला या सर्व्हरवर प्रवेश आहे का हे डोमेनला, म्हणजे संस्थेतल्या विंडोज खात्यांच्या मध्यवर्ती नोंदीला, विचारतो, आणि डोमेन सांगते की असा माणूसच नाही. जॉब पडतो. नोंदीत एक ओळ उमटते की मालकाला सर्व्हरवर प्रवेश आहे की नाही हे ठरवता येत नाही. बॅकअप न लागल्याने सकाळी कोणाचेही काम अडत नाही, म्हणून ती ओळ कोणी वाचत नाही. तीन महिन्यांनी डिस्क जाते आणि मग शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, याची शोधाशोध सुरू होते.

सर्व्हर इतका भोळा नाही, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते अर्धे खरे आहे. सर्व्हरवर नोंदलेले लॉगिन काढायला गेले आणि त्याच्या नावावर जॉब असले, तर एसक्यूएल सर्व्हर नकार देतो. आधी ते जॉब दुसऱ्याच्या नावावर करा किंवा काढून टाका, असे सांगतो. एका झटक्यात एकाची सगळी कामे दुसऱ्याकडे वळवणारी पद्धतही त्याच्याकडे आहे. पण बहुतेक कर्मचारी सर्व्हरवर स्वतःच्या नावाने येत नाहीत, डोमेनच्या एखाद्या गटातून येतात. त्यांचे खाते डोमेनवर पुसले की सर्व्हरला त्याचा पत्ताच लागत नाही. गावातला माणूस मुंबईत वारला आणि चावडीला कळलेच नाही, तसे.

मालक आणि काम करणारा हात वेगळे, हेही इथे आहे. मालक सर्वाधिकारी गटातला असेल तर जॉबमधल्या एसक्यूएलच्या स्टेप एजंटच्या स्वतःच्या सेवा-खात्याच्या अधिकाराने चालतात. तसा नसेल तर एजंट मालकाचे रूप घेऊन, त्याला आहेत तेवढ्याच अधिकारांत काम करतो. २००५ च्या आवृत्तीत यात आणखी भर पडली. बिगर-सर्वाधिकाऱ्यांसाठी तीन दर्जांचे गट आले, आणि एखादी स्टेप तिसऱ्याच खात्याच्या नावाने चालवणारी प्रॉक्सीही आली. १८७४ च्या कायद्यातला वतनदार, चाकरी करणारा आणि बदली माणूस हे तिघेही सर्व्हरवर हजर झाले असे म्हणायला हरकत नाही.

तपासणीची पहिली पायरी एका क्वेरीची आहे. एमएसडीबी या प्रणालीच्या डेटाबेसात सिसजॉब्ज नावाचे टेबल असते. त्यात प्रत्येक जॉबची एक ओळ आणि प्रत्येक ओळीत मालकाचा रकाना. त्या रकान्यात नाव नसते, ओळख क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून सर्व्हरकडून नाव काढून घ्यायचे आणि जॉबच्या नावाशेजारी मांडायचे. जिथे नावाच्या जागी काहीच येत नाही ती मयत खाती. पण ही यादी अपुरी पडते. आज जिवंत असलेला, उद्या राजीनामा देणारा मालक तिच्यात दिसत नाही. म्हणून अनुभवी माणसे प्रश्न उलटा विचारतात. आपण ठरवून दिलेल्या मालकाशिवाय दुसऱ्या कोणाच्या नावावर काय काय आहे? पहिल्या यादीत दोन जॉब निघाले, तर दुसऱ्या यादीत चाळीस निघू शकतात. ठेकेदार कंपनीच्या माणसाने पाच वर्षांपूर्वी बसवलेले, कोणीतरी चाचणीसाठी केलेले आणि विसरलेले, आणि ज्याचे प्रयोजन आता कोणालाच सांगता येत नाही असेही.

सर्व्हर एक असेल तर क्वेरी हाताने चालते. दहा असतील तर हात कंटाळतो. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल आले, २००८ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरने ते आपलेसे केले, आणि सर्व्हरांची यादी देऊन एका स्क्रिप्टने सगळीकडचे मालक गोळा करणे सोपे झाले. डीबीएटूल्स या मुक्त संचात तर मालक तपासण्याची एक आज्ञा आणि मालक बदलण्याची दुसरी, अशा दोन तयार आज्ञा मिळतात. दोन वेगळ्या, हे महत्त्वाचे. नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा एक नसावा, हा फेरफाराचा धडा इथेही लागू पडतो. स्क्रिप्टने आधी नुसती यादी द्यावी, माणसाने ती वाचावी, हरकती ऐकाव्यात आणि मग बदलाची आज्ञा द्यावी. तपासणी आणि बदल एकाच दमात करणारी स्क्रिप्ट म्हणजे घाईत असलेले इनाम कमिशन.

हरकती खऱ्याच असतात. रिपोर्टिंग सर्व्हिसेस अहवालांच्या वर्गण्यांसाठी स्वतःचे जॉब बनवते. त्यांची नावे लांबलचक आकडे-अक्षरांची असतात, मालक त्या सेवेचे खाते असते, आणि त्यांना हात न लावणे बरे. मेंटेनन्स प्लॅनने बनवलेल्या जॉबचा चिवटपणा तर वतनालाच शोभतो. मालक बदलला तरी पुढे कोणी त्या प्लॅनमध्ये दुरुस्ती करून तो जतन केला की जॉब पुन्हा प्लॅनच्या मूळ मालकाच्या नावावर जातो. मालकी बदलायची तर प्लॅनचीच बदलावी लागते. आणि ज्या प्रोग्रॅमरच्या नावावरून जॉब निघतो, त्याचीही तक्रार असते. सर्वाधिकारी नसलेल्याला फक्त स्वतःचे जॉब बदलता येतात. नाव गेले की रात्री अकराला एक ओळ दुरुस्त करायलाही त्याला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. हक्क जाण्याचे दुःख लहान असले तरी जुनेच आहे. अर्थात वतनदाराला निदान जमीन होती. जॉबच्या मालकाला मिळतो तो फक्त अपरात्रीचा फोन.

मग नाव कोणाचे लावायचे? बहुतेक जागी उत्तर एसए असते. एसक्यूएल सर्व्हर बसवतानाच तयार होणारे हे लॉगिन कोणा माणसाचे नाही. ते राजीनामा देत नाही, निवृत्त होत नाही, आणि सुरक्षेसाठी त्याचा प्रवेश बंद करून ठेवला तरी त्याच्या नावावरचे जॉब चालत राहतात. काही ठिकाणी त्याचे नावच बदललेले असते, म्हणून जाणती स्क्रिप्ट नाव पाहत नाही, त्याचा न बदलणारा ओळख क्रमांक पाहते. तलाठ्याप्रमाणे हे पद आहे, माणूस नव्हे. दोष एवढाच की हे पद फार मोठे आहे. त्याच्या नावावरचा प्रत्येक जॉब पूर्ण अधिकाराने चालतो, आणि आत कोणी चुकीची ओळ लिहिली तर तिला अडवणारे कोणी नाही. म्हणून काही जाणकार जॉबच्या मालकीसाठी एक वेगळे, कमी अधिकारांचे, कोणालाही लॉगिन करता न येणारे खाते राखतात आणि लागतील तेवढेच हक्क त्याला देतात. काम वाढते, पण गावच्या तलाठ्याला दिवाणाचे शिक्के देण्यापेक्षा हे बरे.

इतर डेटाबेसांत हाच प्रश्न थोड्या फरकाने येतो. ओरॅकलच्या दहाव्या आवृत्तीपासूनच्या शेड्यूलरमध्ये जॉब वापरकर्त्याच्या स्कीमातच राहतो, त्यामुळे वापरकर्ता सगळ्या मालमत्तेसकट काढला की जॉबही त्याच्याबरोबर जातो. मायएसक्यूएलच्या इव्हेंटला डिफायनर असतो. तो गेला की इव्हेंट त्रुटी देतो. पोस्टग्रेसच्या पीजी-क्रॉनमध्ये प्रत्येक कामाच्या ओळीत वापरकर्त्याचे नाव लिहिलेले असते.

सहकारी बँकांना या तपासणीची निकड बाहेरूनही आली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या संगणकीय पसाऱ्याप्रमाणे चार स्तरांची वाढीव चौकट आणली. कोणाला कोणता अधिकार आहे, गेलेल्या माणसांची खाती बंद झाली का, हे लेखापरीक्षक विचारू लागले. गेलेल्याचे खाते वेळेवर बंद करणे हा चांगला नियम. पण जॉबची मालकी आधी तपासलेली नसेल तर तोच नियम बॅकअप बंद पाडतो. म्हणून निवृत्तीच्या वेळच्या ‘येणे-बाकी नाही’च्या दाखल्यात, ग्रंथालयाच्या पुस्तकाशेजारी, या माणसाच्या नावावर एकही जॉब नाही, अशी एक ओळ वाढवणे शहाणपणाचे.

तपासणी एकदा करून भागत नाही, कारण नवे जॉब रोज बनतात आणि प्रत्येक वेळी बनवणाऱ्याचे नाव लावून येतात. सर्व्हर बदलला, जुने जॉब स्क्रिप्टने नव्यावर नेले आणि तिथे मालकाचे लॉगिन नसले, तर जॉब तयारच होत नाही. मग घाईत असलेला माणूस स्वतःचे नाव घालून पुढे जातो. त्यामुळे मालकी तपासणारी स्क्रिप्टच दर आठवड्याला चालणारा जॉब म्हणून लावली जाते आणि तिचा अहवाल ईमेलने जातो. हा अहवाल ज्याच्या पत्त्यावर जातो तो कामावर आहे का, हेही पाहावे लागते. निवृत्त माणसाच्या टपालपेटीत साठत जाणाऱ्या याद्या कोणी वाचत नाही. विभागाच्या सामाईक पत्त्यावर अहवाल लावला की तीही अडचण सुटते. आणि पहिल्या आठवड्याच्या यादीत बहुधा तपासणीचा जॉब स्वतःच सापडतो, कारण तो ज्याने बनवला त्याच्याच नावावर पडलेला असतो.